ड्रॅगनच्या वाटेवरचे काका

पनवेलच्या सायबर कॅफेत माझ्या शेजारच्या कॉम्प्युटरवर बसणाऱ्या उरणच्या काकांचं नाव मी कधी विचारलं नाही. बंदरावर कामाला होते, सुट्टीच्या दिवशी यायचे. नवा ऑनलाइन गेम आला आणि सगळा कॅफे त्यातल्या ड्रॅगनच्या मागे लागला. काका चपला दाराशी काढून बसायचे आणि गेममधल्या दर पुलापाशी आमच्या टोळीला थांबवून एका बोटाने टाइप करायचे, "सगले हाय ना?" होडीवर माणसं मोजून घ्यायची जुनी सवय. बाकीचे वैतागायचे, मीसुद्धा.

एकदा ऐन गुहेच्या तोंडाशी माझा कॉम्प्युटर हँग झाला. टोळी पुढे पळाली. तो पुन्हा चालू करून गेममध्ये शिरेपर्यंत माझा धनुर्धारी मेलाच असणार, असं मी धरून चाललो होतो. पण तो धडधाकट होता. त्याच्यासमोर काकांचा योद्धा ढाल धरून उभा, आजूबाजूला मेलेले लांडगे. तिकडे ड्रॅगन पडून खजिन्याची वाटणीही झाली होती.

"काका, तुम्ही गेला नाहीत?"

"तुला टाकून कुटं जाऊ?" स्क्रीनवरची नजर न काढता ते म्हणाले. मग सावकाश टाइप केलं, "सगले हाय ना?"

गुहेपाशी आम्ही दोघंच होतो.

मी टाइप केलं, "हाय."