अकरावं फूल

"थांबा जी, बोलते का पाहू द्या," म्हणत मिस्त्री वीट कानाजवळ धरायचे आणि बोटाने टकटक करायचे. खणखणली तर ठीक, नाहीतर बाजूला. आमच्या शाळेच्या कामात त्यांनी अर्ध्याहून जास्त विटा नापास केल्या. मुख्याध्यापक असूनही इतकी कडक परीक्षा मी कधी घेतली नाही.

आमगावच्या आमच्या शाळेची कमान तुम्ही पाहिली असेल. दारावर विटांतच कोरलेली अकरा फुलं. दर वर्षी त्यांच्या पाकळ्यांचा भुगा गळायचा. शेवटी समितीने ठरवलं, कमानीवर सरळ प्लास्टर मारायचं. त्याआधी एकदा दाखवावं म्हणून मी फुलचूरहून या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी सांध्यांवरून हात फिरवला आणि ते पायरीवर बसले.

"हे सिमेट मीच भरलो होतो, गुरुजी. जवानीत. मजबूत होईल म्हणून."

जुनी वीट पाणी पिते आणि चुन्याच्या सांध्यातून सोडते. सिमेंटने ती वाट बंद झाली, म्हणून वीट फुटत होती. हे त्यांनीच मला समजावलं आणि काम मागून घेतलं. समितीने शाळा उघडेपर्यंतची मुदत दिली. तोवर झालं नाही तर प्लास्टर.

रोज सकाळच्या गाडीने ते यायचे. अंगणात खड्डा खणून त्यांनी चुना भिजत घातला. बारीक छिन्नीने सिमेंट खरवडायचे, पक्की वीट दगडावर पाणी टाकून घासायचे, फूल घडवायचे. एकेका फुलाला चार-चार दिवस. माझा जीव टांगणीला. दहा झाली, एक राहिलं, तेव्हा मी म्हणालो, "मिस्त्री, एवढं एक सिमेंटचंच करून बसवा. कोणाला दिसणार आहे?"

ते वीट घासत राहिले. संध्याकाळी निघताना म्हणाले, "घाई मीच केलो होतो, गुरुजी. तुमी कायले करून राहिले?"

मला फार लाज वाटली. शेवटची वीट घासायला ते घरी घेऊन गेले, ते परत आलेच नाहीत. तापाचं निमित्त झालं आणि आठवड्यात गेले.

पुढे त्यांची बायको फडक्यात गुंडाळलेलं फूल घेऊन शाळेत आली. "तापातबी घासून राहिले होते जी. गुरुजीले दे म्हणे."

शाळा उघडली. दहा फुलं पाहून समितीत प्लास्टरचं नाव कोणी काढलं नाही. अकराव्याची जागा रिकामी आहे. कधीमधी मी ते फूल कानाजवळ धरून टकटक करतो. बोलतं. पण चुन्यात बसवणारा हात मला अजून सापडलेला नाही. खड्ड्यातला चुना वाळू नये म्हणून मी रोज सकाळी त्यात बादलीभर पाणी ओततो.