डबीवाल्या बाईंनी अडवलेला आकडा

सिलिंडर भरण्याच्या त्या कारखान्यात त्यांना सगळे डबीवाल्या बाई म्हणत. संगणकात त्या एक काल्पनिक डबी करायच्या, तिच्यात वायूचे काहीशे रेणू सोडायच्या आणि ते एकमेकांना किती ओढतात, किती ढकलतात ते बघत बसायच्या. त्या धक्काबुक्कीच्या सरासरीवरून दाब कळतो. भर उन्हात सिलिंडरमध्ये काय होईल हे आधीच सांगणं, हे त्यांचं काम. संसार, सासरची दुखणीखुपणी, मुलाचं लहानपण, कशातही त्यांनी ते सुटू दिलं नव्हतं.

मुलगा आता तिथेच भरणा विभागात होता. बाई ठरवतील त्या वजनापर्यंत तो सिलिंडर भरायचा.

या वेळी दोन वायूंचं नवं मिश्रण आलं होतं. बाईंच्या हिशेबानं सिलिंडरमध्ये नेहमीपेक्षा जास्त वायू मावत होता. साहेबांनी खुशीत गिऱ्हाइकाला शब्दही देऊन टाकला. सही तेवढी राहिली होती, आणि बाईंचा हात पुढे होईना.

दोन्ही वायू वेगवेगळे तपासले तेव्हा डबीतला दाब छापील मोजमापांशी तंतोतंत जुळला होता. तिथेच त्या गाफील राहिल्या. एका वायूचा रेणू दुसऱ्या वायूच्या रेणूला किती ओढतो, हे कुणी मोजलंच नव्हतं. अशा वेळी दोघांच्या ओढींमधला मधला आकडा धरून चालायची या कामातली रीत. त्यांनीही धरला होता. खरी ओढ त्याहून कमी निघाली, तर खरा दाब जास्त, आणि सिलिंडर फुटायची भीती.

"मिश्रण एकदा प्रत्यक्ष मोजून बघू," त्या साहेबांना म्हणाल्या.

"मोजायचंच होतं तर तुमची डबी कशाला पोसली, बाई?" साहेब म्हणाले. "आणि खरं सांगा, मुलगा तिथे आहे म्हणूनच ना हे?"

"हो. तो नसता तर मी कालच सही केली असती. तेच तर वाईट."

साहेबांनी सहीचा कागद परत खणात टाकला. बाईंनी ती परवानगी समजली.

घरी मुलगा वैतागला. "आई, सगळे विचारतात, आईनं स्वेटर घालून पाठवलं का म्हणून. माझ्यासाठी काही करू नकोस गं."

"तुझ्यासाठी नाही करत. आकड्यासाठी करते. जेव."

प्रयोगशाळेतल्या काकांनी जाड भिंतींचं छोटं पोलादी भांडं काढलं, त्यात मिश्रण भरलं आणि ते गरम पाण्यात बुडवलं. दाबमापकाचा काटा बाईंच्या आकड्याजवळ आला आणि न थांबता पुढे गेला.

"दोन सज्जन माणसं एका खोलीत ठेवली म्हणजे गोडीनं राहतात असं नाही, बाई," काका म्हणाले. "माझे दोन्ही मेहुणे बघा."

बाई हसल्या. जागेवर येऊन त्यांनी परक्या रेणूंमधली ओढ थोडी थोडी कमी केली, डबी पुन्हा पुन्हा चालवली. दाब काट्याशी जुळल्यावरही त्या थांबल्या नाहीत. एका जागी जुळणं काय, जुळवलं की जुळतं. मग आणखी गरम पाण्यात दाब किती होईल ते त्यांनी डबीतून आधी काढलं, तो आकडा काकांच्या हातात दिला, आणि मगच मोजायला सांगितलं. या वेळी काटा तिथेच येऊन थांबला.

नव्या हिशेबानं सिलिंडर नेहमीपेक्षाही कमी भरायचा होता. साहेबांनी डोकं धरलं, मग गिऱ्हाइकाला फोन लावला. बाईंनी शेजारी बसूनच सही केली.

"कमी भरायचे म्हणजे सिलिंडर वाढणार," संध्याकाळी मुलगा बूट काढता काढता कुरकुरला. "उचलायचे कुणी? आम्हीच."

"उचला," आई म्हणाली.