खालचं वावर आणि पाण्याची पाळी

माझं माहेर मोरगावकडचं, कोरडवाहू. सणसरचं स्थळ आलं तेव्हा वडिलांनी नवरामुलगा धड पाहिलाच नाही. कालवा मात्र डोळे भरून पाहून आले.

लग्नानंतर मी सासऱ्यांच्या मागं उसाला दारं धरायला जायचे. आबा खोऱ्यानं एका सरीचं तोंड उघडायचे, ती भरली की मातीनं बुजवून पुढची उघडायचे. मी चपला काढून उगीचच पाण्यात उभी राहायचे. इतकं पाणी नुसतं मातीत जाताना बघून हरखून जायचे.

कालव्यातून रानांकडं पाणी आणणाऱ्या आमच्या चारीवर एक रीत आहे. कालव्याला पाणी सुटलं की ज्याची पाळी त्यानं ते घ्यायचं. नाही घेतलं, तर शेजारी घेणार. म्हणून रान ओलं असो की कोरडं, आबांनी पाळी कधी सोडली नाही. अंगात ताप असला तरी खोरं घेऊन निघायचे.

मग खालच्या वावरातला ऊस पिवळा पडू लागला. "पाणी कमी पडतंय," म्हणत आबांनी आणखी पाजलं. उन्हाळ्यात सऱ्यांवर पांढरा थर आला. माती तपासायला आलेले साहेब म्हणाले, पाणी जास्त झालंय, खार वर आलाय, आता ठिबक बसवा. आबा साहेबांवर उखडले आणि मी आबांवर. "आमच्याकडं रान पाण्यावाचून मरतं, तुमी पाजून मारताय," असं तोंडावर बोलले. सासऱ्याशी असं बोलत नाहीत, ठाऊक होतं. पण ते वावर वाया चाललेलं मला बघवत नव्हतं.

पुढच्या पाळीला आबांनी चारीचं दार उघडलंच नाही. मी भाकरी घेऊन गेले, तर बांधावर हात बांधून बसले होते. आमच्या वाटणीचं पाणीही वरच्या शेजाऱ्यानं घेतलं. त्याचं रान तुडुंब भरलं.

काही दिवसांनी खालच्या वावरात ओल किती उतरली ते बघायला आम्ही दोघं गेलो. आबांनी टिकावानं खड्डा घेतला. गुडघाभरही खोल गेला नसेल, तोच त्यात पाणी साठू लागलं. वरच्या रानातून जमिनीखालून पाझरत आलेलं. आबांनी बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकले.

"म्या तर दार उघडलं न्हाय," ते म्हणाले. मग माझ्याकडं बघून, "तू व्हतीस की तितं. उघडलं का म्या?"

"न्हाय, आबा."

मला रडू आवरेना. आबा खाली बसले आणि दोन्ही हातांनी खड्ड्यात माती लोटू लागले. पाणी तिच्यातून वर येत राहिलं.