पुरा दुश्मन नाही

सदर भागात आमच्या कॉलेजसमोर तर्री-पोह्यांच्या तीनच गाड्या होत्या. मोजक्या कंपन्यांमधल्या स्पर्धेवरचा माझा प्रबंध तेव्हा अडला होता. माझ्या गणितात दुसरी कंपनी एकतर प्रतिस्पर्धी असायची, नाहीतर नसायची. एका सकाळी मधल्या गाडीवरच्या मावशींना मी सहज विचारलं, "शेजारचा गाडीवाला तुमचा दुश्मन का?"

पोह्यांवर चण्याची झणझणीत तर्री ओतत त्या म्हणाल्या, "पुरा नाही वं. गिऱ्हाईक आलं का थोडा हाय. माही तर्री संपली का तोच मले देते."

त्यानंतर मी 'हो' आणि 'नाही' यांच्यामधलं असं 'थोडं' मोजणारं फझी सेटचं गणित शिकले आणि प्रबंध पूर्ण झाला.

पेढे घेऊन गेले, तर मावशींना ते बोलणं आठवतही नव्हतं. तरी त्यांनी पदराला हात पुसला आणि पहिला पेढा मलाच भरवला.