ओळंब्याच्या पाठीतले चार स्क्रू

माझ्या भाच्याच्या पाठीत चार स्क्रू आणि दोन सळया आहेत. कंबरेतला एक मणका खालच्या मणक्यावरून पुढे सरकला होता. डॉक्टरांनी तो मागे ओढला आणि दोघांना कायमचं एकमेकांशी जोडून टाकलं. भाच्याचं वय चोवीस. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरून सगळं समजावलं आणि मी मान डोलावत राहिलो. भोक पाडायचं, स्क्रू पिळायचा, सळई टाकायची, फटीत भर घालायची. तीस वर्षं मी हेच करत आलोय, फक्त मला कुणी हिरवी टोपी देत नाही आणि बाहेर माझ्यासाठी कुणी देवाचा धावा करत बसत नाही.

मी फरशी बसवतो. भाचाही अठराव्या वर्षापासून माझ्याच हाताखाली फरशी बसवायचा. भिंत सरळ आहे का बघायला दोरीला जो लोखंडी गोळा टांगतात त्याला ओळंबा म्हणतात, आणि या पोराला सगळे त्याच नावाने हाक मारतात. हा नुसता दारात उभा राहून सांगायचा, "मामा, उजवा कोपरा दोन सूत खाली गेलाय." मी पाणसळ ठेवायचो, बुडबुडा बघायचो, आणि उजवा कोपरा बरोबर दोन सूत, म्हणजे पाव इंच, खाली गेलेला असायचा. असा भाचा असणं ही अभिमानाची गोष्ट आहे. रोज नाही, पण आहे.

ऑपरेशनच्या आधी दोन वर्षं तो म्हणत होता, "मामा, पाठ धरते. डावा पाय बधिर होतो." माझं उत्तर ठरलेलं होतं. "तुझ्या वयात मला पाठ आहे हेसुद्धा माहीत नव्हतं." हे वाक्य मला फार आवडायचं. कारागीर हसायचे, मी खूश व्हायचो, आणि ओळंबा गुपचूप पुढचं पोतं उचलायचा. मग एक दिवस एका स्वयंपाकघराची अर्धी फरशी झालेली असताना तो उकिडवा बसला, तो उठलाच नाही. दाराची फळी काढून आम्ही त्याला तिच्यावर घातला आणि जिन्यावरून खाली नेला. त्या अवस्थेतही तो सांगत होता, "मामा, तुझी बाजू खाली आहे."

हॉस्पिटलातून घरी सोडताना नियमांचा एक कागद मिळाला. वाकायचं नाही, उचलायचं नाही, कंबरेतून वळायचं नाही. ताईने, म्हणजे त्याच्या आईने, तो फ्रिजवर चिकटवला. मोडेन पण वाकणार नाही हा आमच्या घराण्याचा बाणा पूर्वीपासून आहेच. डॉक्टरांनी तो या पोराच्या बाबतीत स्क्रू लावून पक्का केला, एवढंच.

बरं होणं म्हणजे काय असतं, ते तोवर मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, टाके काढले की माणूस बरा. इथे कूस बदलायची तर ओंडक्यासारखं सगळं अंग एकदम वळवायचं. पलंगावरून उठायला चार मिनिटं लागायची, त्यातली दोन दम खायला. संडासात बसायला उंच बैठक लागली, ती मी बसवून दिली. खाली पडलेला चमचा उचलायला एक लांब चिमटा आणला होता. चोवीस वर्षांचा कारागीर त्या चिमट्याने अर्धा तास एका मोज्याशी झटापट करायचा. एरवी छताकडे बघत पडून राहायचा. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "मामा, पंखा खोलीच्या मध्यावर नाही." मी टेप लावून मोजलं. तीन बोटं सरकलेला होता. ताई त्या पंख्याखाली चौदा वर्षं सुखाने झोपत होती, तेव्हापासून तिलाही झोप लागेना.

भेटायला येणाऱ्यांनी धीर द्यायचं काम फार मनावर घेतलं होतं. शेजारचे निवृत्त हेडक्लार्क पलंगाशी खुर्ची ओढून म्हणाले, "आमच्या साडूंचं हेच ऑपरेशन झालं. अगदी यशस्वी! पण त्यानंतर काही ते चालले नाहीत." त्याची आत्या आली, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि त्याच्या देखतच ताईला विचारलं, "आता याला मुलगी कोण देणार गं?" येताना सफरचंदं आणली होती. सफरचंदं चांगली होती.

मग ओळंबा बोलेनासा झाला. पंखा नाही, भिंत नाही, काही नाही. एकदा दुपारी ताईचा फोन आला. ती एवढी पुटपुटत होती की मला दोनदा "काय?" म्हणावं लागलं. अलीकडे सगळेच पुटपुटतात. बायकोचं म्हणणं, मला ऐकू कमी येतं. माझं म्हणणं, ती हळू बोलते. या मुद्द्यावर आमचा संसार व्यवस्थित चालू आहे. तर ताई तिसऱ्यांदा ओरडून म्हणाली, "अरे, तो रडतो! तोंडावर उशी घेऊन रडतो, मला कळू नये म्हणून!" मी फोन ठेवला. मला फार वाईट वाटलं. ते पाठीचं वाक्य परत घ्यावंसं वाटलं. पण शब्द परत घ्यायची पद्धत आमच्यात नाही, म्हणून मीही सफरचंदं घेऊन गेलो.

तीन महिन्यांनी नवा एक्स-रे निघाला. डॉक्टर खूश. "हाड छान धरतंय. बाकी आयुष्य अगदी नॉर्मल जगायचं. फक्त उकिडवं बसून काम, पोती उचलणं, दिवसभर जमिनीवर वाकणं, हे विसरून जा." फरशीच्या कामातून एवढं वजा केलं की बाकी काय उरतं, हे त्यांनी सांगितलं नाही. ओळंब्यानेही विचारलं नाही. परतीच्या वाटेवर म्हणाला, "शोरूमवाल्याला माणूस हवाय. खुर्चीवर बसून फरशा दाखवायच्या. पुढच्या महिन्यापासून जाईन." मी म्हटलं, "चांगलं आहे. पंखा असेल." चांगलं बिलकूल नव्हतं. ज्याच्या डोळ्याला दोन सूत दिसतात, तो माणूस गिऱ्हाइकाला विचारणार, की ताई, यात फिकट गुलाबी बघता का? मला हा पोरगा कामावर परत हवा होता, आणि तसं म्हणायला मला तोंड नव्हतं.

व्यायाम शिकवायला येणारी फिजिओबाई त्याच्याहून वर्षा-दोन वर्षांनीच मोठी असेल, पण आवाज हवालदाराचा. मला ऐकू जायचा म्हणून ती मला आवडायची. तिचा हुकूम होता, रोज पाऊण तास चालायचं. डावं पाऊल अजून बधिर होतं, म्हणून हातात काठी आणि पायात नाडीचे बंद बूट. बुटांची नाडी ताई बांधायची. तेवढा वेळ तो भिंतीकडे बघायचा. ताई घरात नव्हती म्हणून दोनदा मी वाकलो, आणि दोन्ही वेळा त्याने पाय मागे घेतला. म्हणाला, "राहू दे. आई येईल." दुसऱ्या वेळी तर ताई दोन तासांनी आली. तोवर तो तसाच बसून राहिला.

रस्त्यावर लोक बघतात म्हणून तो चालायला बाहेर पडेना. शेवटी ताईने मला बोलावून सांगितलं, "तू याला कुठेही ने, पण चालव." तेव्हा एका नव्या ग्रंथालयाचं काम माझ्याकडे होतं. वाचनाचा मोठा हॉल, चारशे आठ फरशा, नुकत्याच बसवून झालेल्या. तीन दिवसांनी इंजिनिअर तपासायला येणार होता. मी म्हटलं, "सपाट जागा आहे, गर्दी नाही, चल." तो म्हणाला, "मला काम बघायचं नाही, मामा." मी म्हटलं, "मग डोळे मिटून चाल."

तर तो चालायला लागला. बूट, काठी, बूट, काठी. मी दारात उभा राहून माझं काम बघत होतो आणि खरं सांगतो, स्वतःवर खूश होतो. एक ओळ चालून झाली. दुसऱ्या ओळीत मध्येच तो थांबला. काठी उचलून पुन्हा तिथेच आपटली. मग शेजारच्या फरशीवर. मग पुन्हा तिथेच.

"मामा, ही पोकळ आहे."

इथे थोडं सांगायला हवं. फरशीखाली सिमेंट-वाळूचा मसाला सगळीकडे सारखा पसरायचा असतो. कामचुकार माणूस चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक असे पाच गोळे ठेवतो आणि वरून फरशी दाबतो. दिसायला तीच फरशी, पण खाली हवा. एखादं जड कपाट वर आलं की तडा. म्हणून मसाला सुकल्यावर मिस्त्रीने प्रत्येक फरशी ठोकून ऐकायची असते. भरलेली असेल तर आवाज टणक येतो, पोकळ असेल तर रिकाम्या डब्यासारखा. ओळंब्याला हे मीच शिकवलं होतं, त्याच्या पहिल्याच आठवड्यात.

"काहीतरीच," मी म्हणालो. "मी स्वतः ठोकून बघितलीय."

आणि बघितली होतीच. हातोडीच्या दांड्याने सगळ्या चारशे आठ. प्रत्येक फरशीपाशी थांबून, मान तिरकी करून, "हं" म्हणून पुढे गेलो होतो. हं म्हणायला कान लागत नाही. मी पुन्हा वाकलो, त्या फरशीवर ठोकलं, शेजारच्या फरशीवर ठोकलं. दोन्हींचा आवाज मला सारखाच आला. गेली दोन वर्षं सगळ्या फरशा मला सारख्याच वाजतात. दगड कापायच्या मशीनपाशी तीस वर्षं मी उघड्या कानांनी बसलो, आणि कानात कापूस घालणाऱ्यांना नाजूक म्हणून हिणवलं.

माझ्या हाताखालचे दोन कारागीर तिथेच होते. ते अचानक खिडक्या बघायला लागले.

"काय रे?" मी ओरडलो.

"तुम्हीच ठोकून पास केलं होतं, मिस्त्री," त्यातला एक खिडकीला म्हणाला.

मी ती फरशी उचकटली. खाली पाच गोळे, जसे ठेवले होते तसे. म्हणजे मला ऐकू येत नाही हे बायकोला माहीत होतं, कारागिरांना माहीत होतं, माहीत नसल्याचं सोंग एकटा मीच आणत होतो.

खिशातून सुतळी काढून ओळंब्याने काठीच्या टोकाला खडू बांधला, कारण वाकायचं नाही हा नियम होता. मग पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. ठोकायचं, ऐकायचं, उलटी काठी करून फुली मारायची. पाठ ताठ, मान ताठ. फिजिओबाईंच्या पाऊण तासाचे तीन तास झाले, आणि मी दोनदा बस म्हटलं ते त्याने ऐकलं नाही. एकच ओळ उरली तोवर एकसष्ट फुल्या निघाल्या. दोन्ही कारागीर निमूटपणे छिन्नी घेऊन कामाला लागले. कोपऱ्यातून त्यांच्यावर हुकूम सुटत होते, "सगळीकडे पसर! कडेपर्यंत! घासून काढ आधी!" चार महिन्यांत मी त्याचा इतका मोठा आवाज ऐकला नव्हता.

शेवटच्या ओळीपाशी तो माझ्याजवळ आला.

"मामा, एक विचारू?"

"विचार."

"मी पाठ दुखते म्हणायचो, तेव्हाही तुला असंच ऐकू येत नव्हतं का?"

मी आयुष्यात खूप सबबी सांगितल्या आहेत, पण इतकी चांगली सबब मला कुणी आयती दिली नव्हती. पोराने स्वतःच आणून हातात ठेवली. ताईला पटली असती, बायकोने तर साक्ष दिली असती. मला नुसतं "हं" म्हणायचं होतं, आणि त्यात मी तरबेज आहे.

"नाही," मी म्हणालो. "तेव्हा ऐकू येत होतं. दर वेळी ऐकू आलं होतं."

तो वळला. कंबरेतून वळता येत नाही, म्हणून त्याला बूट हलवून सगळाच्या सगळा वळावं लागलं. माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा तसाच सगळा वळून शेवटची ओळ ठोकायला निघून गेला. मी तिथे छिन्नी हातात धरून उभा राहिलो. ती ओळ चोवीस फरशांची होती. मी मोजल्या, कारण दुसरं काही करणं मला सुचेना.

भिंतीपाशी पोचून तो परत आला. काठी भिंतीला टेकवली.

"मामा, नाडी सुटलीय," असं म्हणून त्याने पाय पुढे केला.

मी छिन्नी ठेवून खाली बसलो. माझ्याही पाठीतून कळ गेली. मलाही पाठ आहे, हे हल्ली मला माहीत झालंय. नाडी सिमेंटने भरली होती, बोटांना सापडत नव्हती, आणि डोळ्यांपुढे सगळं धूसर झालं होतं. वरून तो काहीतरी बोलला.

"काय?" मी खालूनच विचारलं.

तो चिडला नाही. जरा मोठ्याने पुन्हा म्हणाला, "उद्या किती वाजता येऊ?"