चौथं झाड

आज दुपारी अमेरिकेतल्या कॅरी गावातल्या आमच्या घराच्या गॅरेजमध्ये बसून सायकलच्या टायरचा चिखल खरवडत होतो. कुजलेल्या ओल्या पानांचा वास आला आणि वीस वर्षांपूर्वीची फ्रान्समधली ती चढण आठवली.

तेव्हा मी तिथे पीएचडीनंतरचं संशोधन, पोस्टडॉक, करत होतो. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मेधा आणि मी भाड्याच्या सायकली घेऊन डोंगरातल्या जंगलात शिरलो होतो. खालून नदीचा आवाज यायचा, पण नदी काही दिसायची नाही. मी पुढे जायचो, एखाद्या झाडाखाली थांबायचो, सावकाश पाणी प्यायचो. ती लालबुंद होऊन पोचली की म्हणायचो, "चल, निघू या." आपण किती समजूतदार नवरा आहोत, असंही वाटायचं. चौथ्या झाडापाशी ती म्हणाली, "तू थांबतोस खरा, पण विश्रांती तुलाच मिळते. मी पोचते तेव्हा तू निघालेला असतोस." मी हसलो आणि पेडल मारलं.

आज सकाळी जंगलातल्या सायकलच्या ट्रेलवर आमची लेक प्रत्येक वळणावर माझ्यासाठी थांबत होती. मी धापा टाकत पोचलो की लगेच, "रेडी, बाबा? लेट्स गो!" शेवटी तर माझ्यात नाही म्हणायचंही त्राण उरलं नव्हतं.

मेधा पाणी घेऊन गॅरेजच्या पायरीवर आली. तिला म्हटलं, "त्या चौथ्या झाडापाशी तू बरोबर बोलली होतीस."

ती शेजारी बसली, आणि मी उठेपर्यंत उठली नाही.