रस्त्यावरचं वाळवण

आमच्या दारासमोरचा आर्णीचा रस्ता रुंद झाला आणि त्याच आठवड्यात लेकीची सायकल ओट्यावर चढली. आधी खड्ड्यांमुळे गाड्या हळू जात. आता टिप्परवाले असे सुसाट सुटत की पलीकडच्या दुकानात जाताना मी देवाचं नाव घेई. शाळा हाकेच्या अंतरावर, पण नवऱ्याने फर्मान काढलं, "सायकल नाई. मी सोडून देत जाईन." आठवीतली पोर बापाच्या गाडीवर मागे बसून शाळेत जायची आणि तिच्या सायकलीवर माझे टॉवेल वाळायचे. तिचं तोंड बघून मला रस्ता बांधणाऱ्यांचा भयंकर राग येई.

दिवाळीआधी सोयाबीन निघालं. सगळ्यांसारखं मीही ते रस्त्याच्या कडेला ताडपत्रीवर पसरलं, भोवती दगड ठेवले. बघते तर काय, माणसांना न जुमानणारा टिप्परवाला सोयाबीनला वळसा घालून अगदी अदबीनं गेला! आमच्याकडे दुसऱ्याच्या वाळवणावर चाक घालायला कोणी धजत नाही.

माझ्या डोक्यात किडा वळवळला. ताडपत्री चार हात रस्त्यात ओढली. कडेला सायकलीपुरती वाट मोकळी राहिली. शेजारणींना पटवलं. शाळेपर्यंत वाळवणाची रांग लागली आणि तिच्या आडून लेक घंटी वाजवत निघाली. नवरा दोन दिवस मागे मागे चालला, मग कंटाळला.

सोयाबीन विकलं, पण ताडपत्र्या हलल्या नाहीत. वर नुसता भुसा. संक्रांतीच्या सुमारास रस्त्याचे साहेब आले.

"बाई, आजून सुकलं नाई काय?"

"ओल लय हाये, साहेब."

त्यांनी मूठभर भुसा उचलून बघितला. तेवढ्यात तीन पोरी त्यांच्या पाठीमागून सायकलींवर गेल्या. साहेब त्यांच्याकडे बघत राहिले, मग हसले. उन्हाळ्यात तिथेच दगडी काठ घालून सायकलींची पक्की वाट झाली. मी गल्लीभर मिरवून घेतलं.

यंदा पुन्हा सोयाबीन निघालं. सकाळी लेक सायकल घेऊन निघाली ती दारातच थांबली. शाळेपर्यंत अख्खी वाट वाळवणाने भरलेली. सपाट, स्वच्छ, गाड्यांचा त्रास नाही. वाळवायला एवढी छान जागा दुसरी कुठली? पहिली ताडपत्री आमचीच होती. नवऱ्याने उठल्या उठल्या पसरलेली.

"आई वं, आता मी कुठून जाऊ?"

मी ताडपत्रीचं एक टोक धरलं, दुसरं नवऱ्याच्या हातात दिलं, आणि सोयाबीन पुन्हा रस्त्यात ओढलं.